शिंपला : नदीतला सिव्हिल इंजिनिअर

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेत मराठी बोललं की दोन रुपये दंड, आणि घरी आजीसमोर इंग्लिश शब्द तोंडातून गेला की तिचा ओरडा! त्यामुळे माझी मराठी अशीच आहे, अर्धी पुस्तकातली आणि अर्धी आजीच्या ओट्यावरची. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावे, ही विनंती.

सरांनी मराठी विभागासाठी काहीतरी माहितीपर लिही असं सांगितलं, तेव्हा मला मामाच्या घराचं बांधकाम आठवलं.

माझा मामा नेवासा तालुक्यात, प्रवरेच्या काठच्या एका गावात राहतो. दिवाळीच्या सुट्टीत गेले तेव्हा त्याच्या नव्या घराचं काम चालू होतं. अंगणात वाळूचा ढीग, त्याच्यापुढे तिरकी उभी केलेली मोठी चाळण, आणि दोन माणसं फावड्याने वाळू चाळत होती. टी.ई. सिव्हिलची विद्यार्थिनी म्हणून मी मोठ्या ऐटीत जवळ गेले. चाळणीतून बारीक वाळू पलीकडे पडत होती आणि न गेलेला चाळ अलीकडे साठत होता. त्या चाळात गोटे होते, मुळ्या होत्या आणि शिंपले होते. एक-दोन नाही, चांगले ओंजळी भरून.

मी शिंपले वेचायला लागले तसा मामा हसला. "काय गं, इंजिनिअर होणार का मोती विकणार?"

"मामा, या चाळाचं काय करता तुम्ही?"

"करायचं काय? जोत्यात टाकायचा. भरावाला चांगला असतो. शिंपल्या प्लॅस्टरला चालत नाहीत ना!"

बरोबरच होतं त्याचं. आपणही तेच शिकतो. शिंपला चपटा आणि पोकळ असतो, काँक्रीटमध्ये नीट बसत नाही. म्हणून चाळायचा आणि फेकायचा. आमच्या विषयात शिंपल्याचा उल्लेख एवढाच, नको असलेला माल!

संध्याकाळी मामाबरोबर नदीवर गेले. भंडारदऱ्याचं आवर्तन नुकतंच बंद झालं होतं, पाणी उतरलं होतं आणि कडेला गुडघाभर उथळ धार वाहत होती. तळाशी वाळूत एक रिकामा शिंपला अर्धा रुतलेला दिसला. सहज उचलला आणि उलटा केला, तर आत चांगलीच वस्ती! तीन शेपट्यांचे, नखापेक्षाही लहान, चपटे किडे लगबगीने सावलीकडे पळत होते. कडेला वाळूचे कण चिकटवून केलेली एक इवलीशी नळी होती आणि त्या नळीतून कुणीतरी डोकं बाहेर काढून माझ्याकडे बघत होतं (निदान मला तरी तसं वाटलं). आत कोपऱ्यात एक छोटी गोगलगाय. शेजारची मोकळी वाळू मूठभर उचलून पाहिली. त्यात मला काहीच दिसलं नाही.

तिथून हा लेख सुरू झाला. पुढचं सगळं हॉस्टेलवर परत आल्यावर वाचलेलं, आणि त्यात थोडं आपलं इंजिनिअरिंग.

घर कोण बांधतं?

आपल्याकडच्या नद्यांमध्ये गोड्या पाण्यातले शिंपले बऱ्याच जातींचे आहेत. लांबट, पातळ आणि तळहाताएवढा वाढणारा तो लॅमेलिडेन्स. त्याच्यापेक्षा लहान, जाड आणि वरून सुरकुतलेला तो पॅरेशिया. समुद्रातला शिंपला आणि हा, दोघे लांबचे नातेवाईक. हा आयुष्यभर गोड्या पाण्यात राहतो. वाळूत किंवा मऊ गाळात अर्धा पुरून घेतो, पाणी आत ओढतो, त्यातलं खाद्य गाळून घेतो आणि पाणी बाहेर सोडतो.

त्याचं कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे आपण सिमेंटसाठी भट्टीत घालतो त्या चुनखडीचंच रसायन, फक्त स्फटिकाची रचना वेगळी. आतून मोत्यासारखा चकचकीत थर, मधे उभ्या स्तंभांचा थर आणि बाहेरून तपकिरी, सेंद्रिय सालीसारखं आवरण. हे बाहेरचं आवरण म्हणजे वॉटरप्रूफिंग समजा. भट्टी नाही, क्युरिंगसाठी गोणपाट नाही. पाण्यातलं कॅल्शियम घेऊन तो वर्षानुवर्षे हळूहळू बांधत राहतो. पुढे प्राणी मरतो आणि घर मागे राहतं.

शास्त्रज्ञांनी अशा जीवांना नाव काय दिलंय माहीत आहे? 'इकोसिस्टीम इंजिनिअर'! १९९४ मध्ये जोन्स, लॉटन आणि शाचाक या तिघांनी हा शब्द मांडला. जो जीव आपल्या शरीरामुळे किंवा कामामुळे आजूबाजूची जागाच बदलतो आणि दुसऱ्यांना राहण्याजोगी किंवा न राहण्याजोगी करतो, तो इंजिनिअर. बीव्हर नावाचा प्राणी लाकडांचा बांध घालतो, हे नेहमीचं उदाहरण. २००३ मध्ये गुटिएरेझ आणि सहकाऱ्यांनी हाच विचार शिंपल्या-गोगलगायींच्या कवचांना लावला आणि सांगितलं, की बांधणारा मेल्यावरही त्याचं इंजिनिअरिंग चालू राहतं. आपल्यापैकी किती जणांच्या बांधकामाबद्दल असं म्हणता येईल, हा प्रश्न मी आमच्या वर्गापुरता ठेवते.

वाळूवर राहणं अवघड का?

आपल्याला वाळू म्हणजे मऊ, छान जागा वाटते. दोन-तीन मिलिमीटरच्या किड्याला मात्र ती म्हणजे सतत हलणारी जमीन. प्रवाह जरा वाढला की वरचा थर सरकतो. चिकटून बसायला काही नाही, शेवाळ धरायला काही नाही, लपायला आडोसा नाही. दगडगोट्यांच्या पात्रात हा प्रश्न फारसा येत नाही. म्हणून अकोल्याच्या वरच्या अंगाला, रंधा धबधब्याच्या खडकाळ पट्ट्यात, रिकाम्या शिंपल्याचं फारसं अडणार नाही. पण खाली श्रीरामपूर, राहुरी, नेवासा या सपाट भागात पात्र वाळूचं आणि गाळाचं होतं. तिथे घट्ट, न हलणारी वस्तू दुर्मीळ. आणि जे दुर्मीळ त्याला भाव, हे तर आपल्याला रूम अलॉटमेंटच्या दिवशी कळलेलंच आहे!

आता हिशोब करू. शिंपल्याला दोन बाजू असतात, त्यातल्या एकेकीला आपण शिंप म्हणू. एक शिंप ८ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद धरली आणि आकार लंबवर्तुळ मानला, तर एका पृष्ठाचं क्षेत्रफळ साधारण २५ चौरस सेंटिमीटर. दोन शिंपा, प्रत्येकीला आतलं आणि बाहेरचं पृष्ठ, म्हणजे एका शिंपल्यामागे १०० चौरस सेंटिमीटर. एका चौरस मीटरमध्ये असे १० रिकामे शिंपले पडलेले असले तर १००० चौरस सेंटिमीटर घट्ट पृष्ठभाग मिळाला. म्हणजे त्या वाळूच्या क्षेत्राच्या एक दशांश! वक्रता धरली तर थोडा जास्तच. त्यावर शेवाळाचा आणि जिवाणूंचा पातळ बुळबुळीत थर चढतो. पाण्यातल्या कितीतरी किड्यांचं जेवण तेच. राहण्याची आणि मेसची सोय एकाच इमारतीत.

फ्लुइड मेकॅनिक्सचा एक प्रश्न

सेकंड इयरला ड्रॅग फोर्सचं सूत्र आपण पाठ केलं आणि परीक्षेनंतर विसरलो. ड्रॅग हा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा उघड्या वाळूवर पाण्याचा वेग सेकंदाला ०.४ मीटर आहे आणि शिंपल्याच्या मागच्या आडोशाला ०.१ मीटर. वेग चौपटीने कमी झाला, म्हणून (बाकी सगळं तेच धरलं तर) किड्यावरचा जोर सोळा पटीने कमी झाला. आकडे मी सोपे म्हणून धरलेत, पण मुद्दा कळावा. बोटभर उंचीचा अडथळासुद्धा एवढ्याशा जिवाला पुरासमोरची भिंत ठरतो.

शिंपला पडतो कसा, यालाही महत्त्व आहे. वाहत्या पाण्यात सुटी शिंप वाटीसारखी उताणी पडली तर प्रवाह तिच्या कडेला धरून तिला उलटवतो. पालथी पडली की मात्र पाणी पाठीवरून सरकून जातं आणि ती टिकते. म्हणून धारेत बहुतेक शिंपा पालथ्या सापडतात, म्हणजे आपोआप छप्पर तयार. डोहातल्या संथ पाण्यात उताण्याही राहतात. त्यांच्या वाटीत बारीक गाळ आणि कुजका पालापाचोळा साठतो आणि तो खाणाऱ्या अळ्या येतात. काही शिंपल्यांची बिजागरी शाबूत असते आणि ते अर्धवट उघडलेल्या पुस्तकासारखे पडून राहतात. आणि जो शिंपला जागच्या जागी, वाळूत उभा असतानाच मेला, तो खिळ्यासारखा रुतून राहतो. त्याच्यापुढे पाणी थोडी वाळू खणतं, मागे थोडी टाकतं. सपाट तळाला चढ-उतार येतात. पुलाच्या खांबापाशी होणारा स्कावर आपण शिकतो ना, त्याचंच हे छोटं मॉडेल.

एकाच वस्तूपासून छप्पर, वाटी, पुस्तक आणि खिळा! तळ जितका विविध, तितके राहणारे विविध.

भाडेकरूंची यादी

मी पाहिलेले तीन शेपट्यांचे किडे म्हणजे मेफ्लायची पिल्लं. पावसाळ्यात हॉस्टेलच्या गॅलरीत ट्यूबलाइटभोवती जे नाजूक पंखांचे किडे जमतात आणि सकाळी मरून पडलेले असतात, त्यांच्यात हेही असतात. वाळूची नळी करणारी ती कॅडिसफ्लायची अळी. तिच्यातल्या काही जाती घर न करता रेशमाचं बारीक जाळं विणतात आणि वाहत्या पाण्यातलं खाद्य अडवतात. जाळं बांधायला त्यांना घट्ट आधार लागतो. चतुर आणि टाचणी यांची पिल्लं शिकारीसाठी दबा धरून बसतात. शिवाय गोगलगायी, जळवा, लाल रंगाच्या रक्तअळ्या, छोटे झिंगे, पिल्लू खेकडे.

हे सगळे अपृष्ठवंशी, म्हणजे पाठीचा कणा नसलेले. मेसमध्ये कोणी यांची चौकशी करणार नाही. पण मरळ आणि वाम यांच्या पिल्लांचं पोट यांच्यावर चालतं, बगळा आणि धीवर पक्षी त्या माशांवर जगतात, आणि सडका पाला, शेवाळ खाऊन पाणी साफ ठेवण्याचं कामही हेच करतात.

इथे एक शंका येते. हा सगळा उपकार रिकाम्या कवचाचा की आतल्या जिवंत प्राण्याचा? परदेशातल्या संशोधकांनी त्यासाठी सोपी युक्ती वापरली. नदीच्या तळावर काही चौकोन आखायचे, काहींत जिवंत शिंपले ठेवायचे, काहींत रिकाम्या कवचात वाळू भरून तशीच मांडणी करायची आणि काही चौकोन तसेच सोडायचे. मग कुठे किती जीव आले ते मोजायचं. अशा तुलनेतून दोन कामं वेगळी करता येतात. रिकामं कवच जागा देतं, आडोसा देतं. जिवंत शिंपला त्याशिवाय पाणी गाळतो, त्याच्या विष्ठेतून तळाला खत मिळतं, आणि सरकताना तो वाळू उकरून तिच्यात हवा खेळवतो. म्हणजे रिकामा शिंपला ही जिवंत शिंपल्याची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. ते घर आहे, घरमालक नाही.

घर किती वर्षं टिकतं?

हा भाग मला सगळ्यात आवडला, कारण इथे आपल्या गीझरचा संबंध येतो! हॉस्टेलच्या गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर जमतो तो कॅल्शियमचा. आपल्या भागातलं पाणी जड. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्री लॅबमध्ये ईडीटीएचं टायट्रेशन करून आपण हेच मोजलं होतं. दख्खनचा काळा खडक, म्हणजे बेसॉल्ट, झिजतो तेव्हा त्यातलं कॅल्शियम पाण्यात उतरतं. विहीर खणताना लागणारे चुनखडीचे पांढरे खडे हा त्याचाच पुरावा.

आता विचार करा. ज्या पाण्यात आधीच भरपूर कॅल्शियम आहे, ते शिंपला सावकाश विरघळवणार. ज्या पाण्यात कमी, ते लवकर खाऊन टाकणार. २००७ मध्ये स्ट्रेयर आणि माल्कम यांनी अमेरिकेतल्या न्यूयॉर्क भागात निरनिराळ्या पाण्यात शिंपले ठेवून पाहिले. त्यांनाही कवच विरण्याचा वेग पाण्यातल्या कॅल्शियमशी जोडलेला दिसला.

आपल्याकडे याचा पुरावा नदीच्या काठातच आहे. प्रवरा-गोदावरीच्या जुन्या गाळाच्या उंच दरडींमध्ये गोड्या पाण्यातले शिंपले सापडतात, आणि दख्खनच्या नद्यांवर अशा शिंपल्यांतल्या कार्बनवरून थरांचं वय काढलं गेलंय. ती वयं हजारो वर्षांची आहेत. नेवाशाला १९५४ ते १९५६ मध्ये डॉ. सांकलियांनी उत्खनन केलं, ते आपण इतिहासात ऐकलेलं असतं. पण त्याच नदीच्या दरडीत माणसाच्या हत्यारांइतकंच जुनं असं शिंपल्यांचं बांधकामही आहे, हे कोणी सांगत नाही!

गाळात पुरलेला शिंपला हजारो वर्षं टिकतो, म्हणून उघड्यावरचा तेवढा टिकेल असं नाही. पुरात तो गोट्यांवर आपटून फुटतो. सांडपाण्याचा काळा गाळ साठला की तो कुजताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो, पाणी आम्लाकडे झुकतं आणि कवच लवकर झिजतं. आणि ट्रॅक्टरच्या चाकाखाली तर एका सेकंदात चुरा.

बँक खातं

म्हणजे नदीच्या तळावर आज जेवढे शिंपले आहेत ती शिल्लक समजा. दरवर्षी काही शिंपले मरतात, ती जमा. काही विरतात, फुटतात, वाहून जातात, तो खर्च. आपल्या जड पाण्यामुळे खर्च कमी, म्हणून शिल्लक मोठी दिसते. आणि इथेच फसायला होतं. जमा बंद झाली तरी पासबुकात बरीच वर्षं पैसे दिसत राहतात! पात्रात भरपूर रिकामे शिंपले पडलेत म्हणजे शिंपले मजेत आहेत, असा अर्थ होत नाही. ते आजोबांची कमाई असू शकतात.

जमा का घटते? शिंपल्याचं पिल्लू सुरुवातीला स्वतंत्र जगू शकत नाही. ते माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटतं, काही दिवस त्याच्यावर राहतं आणि मग खाली वाळूत उतरतं. म्हणजे मासा हा त्याचा एस.टी. बस! बांध-बंधाऱ्यांनी माशांच्या वाटा अडल्या की बस बंद. प्रवरेवर १९२६ मध्ये पूर्ण झालेलं भंडारदऱ्याचं विल्सन धरण आहे, निळवंडे आहे, शिवाय ठिकठिकाणी बंधारे. या पाण्यावर आपला ऊस उभा आहे आणि आपल्यापैकी कितीतरी जणांची फी त्या उसातून भरली जाते, त्यामुळे धरणांना नावं ठेवायला मी बसलेली नाही.

पण वाळूचं वेगळं आहे. वाळू उपसली की जिवंत शिंपला जातो, रिकामाही जातो आणि दोघांची जागाही जाते. जमा, शिल्लक आणि बँकेची इमारत, तिन्ही एकदम. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असा आदेश दिला. २०१६ मध्ये केंद्राची वाळू उपशाबाबत मार्गदर्शक तत्त्वंही आली. त्यात उपसलेली वाळू नदीत पुन्हा किती भरते याचा विचार आहे. चांगलंच आहे. पण वाळू पुराबरोबर एखाद्या पावसाळ्यात परत येऊ शकते. शिंपला येत नाही. त्याला मासा लागतो, स्थिर तळ लागतो आणि वाढायला वर्षं लागतात. ब्रासमध्ये मोजलं तर खड्डा भरला, पण वस्ती भरली का, हे त्या मोजमापात दिसत नाही.

मग आपण काय करायचं?

मी सिव्हिलची आहे. उद्या साइटवर वाळू मागवणारी मीच असणार. त्यामुळे "वाळू वापरू नका" असं लिहून टाळ्या घेणं मला जमणार नाही. पण आपल्याकडे काळ्या दगडाला तोटा नाही, आणि क्रशरच्या वाळूला आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत जागा मिळालेली आहे. तिचे कण टोकदार असतात, बारीक भुकटी जास्त असते, पाण्याचं प्रमाण सांभाळावं लागतं. म्हणजे मिक्स डिझाइन नीट करावं लागतं. ते तर आपलं कामच आहे!

दुसरं, आपल्या हायड्रॉलिक्स लॅबमध्ये फ्लूम आहे. प्रॅक्टिकल संपलं की वर्षभर कापड पांघरून बसतो. त्यात वाळूचा थर टाकून, शिंपले पालथे, उताणे, उभे ठेवून तळाशी वेग किती बदलतो हे मोजणं, हा फायनल इयरचा प्रोजेक्ट होऊ शकतो. खर्च शून्य. सर, हे वाचत असाल तर माझा गट तयार आहे.

तिसरं, एन.एस.एस.च्या शिबिरात नदीवर जातो तेव्हा शिंपला उचला, उलटा करा, आत कोण आहे ते मोजा आणि पुन्हा तिथेच, तसाच पालथा ठेवा. पिशवी भरून रूमवर आणू नका.

हे शेवटचं मी स्वतःलाच सांगतेय, कारण मामाच्या चाळातले शिंपले मी पिशवी भरून घेतले होते. आजीने त्यातला एक काढून घेतला. तिच्या लहानपणी बाळाला शिंपल्याने दूध पाजायचे आणि घासून भोक पाडलेल्या शिंपल्याने कैरी सोलायचे, तो तिला पुन्हा करून बघायचा होता. बाकीचे मी निघायच्या दिवशी नदीवर नेले आणि उथळ धारेत एकेक करून पालथे ठेवले. मामा काठावर उभा राहून बघत होता.

"एवढ्यानं काय होणार गं?" तो म्हणाला.

एवढ्याने नदीचं फार काही होणार नाही, हे मलाही कळतं. त्याच्या जोत्यात त्याच्या शंभरपट शिंपले गेले असतील. मी मामाला म्हटलं, "काही नाही हो, रूम अलॉटमेंट करतेय."

तो हसला. पण मग पायजमा वर खोचून पाण्यात उतरला आणि पिशवीतले उरलेले शिंपले त्यानेच मांडून टाकले. पुढच्या सुट्टीत जाईन तेव्हा उलटून बघणार आहे, कोणी राहायला आलंय का!